एका हँगरपायी नलरबॉरवर सात दिवस

सायकलने ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडचं नलरबॉरचं ओसाड मैदान पार करायचा बेत असेल तर आपल्या फ्रेमचा एक जादा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर अडकवतात तो भाग) घरूनच घेऊन निघा. बोटभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा, पण तो जवळ नव्हता म्हणून मी कॉकलबिडीच्या रोडहाऊसवर, म्हणजे हायवेवरच्या पेट्रोल, जेवण आणि मुक्कामाच्या ठिकाणी, सात दिवस अडकून पडलो.

नॉर्समन ते सेडुना, साधारण १,२०० किलोमीटर. बॅलाडोनियाच्या पुढचा १४६.६ किलोमीटरचा वळण नसलेला रस्ता पाठीमागच्या वाऱ्यामुळे दीड दिवसात सरला. कायगुना सोडल्यावर पाणी प्यायला थांबलो, शेजारून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) गेली आणि तिच्या झोताने सायकल उजव्या अंगावर आडवी झाली. हँगर मोडला, डिरेलर साखळीला लोंबकळत राहिला. साखळी तोडून एकाच गिअरवर बांधून पाहिली, पण दर पाचशे मीटरवर निसटायची. शेवटी एका आजी-आजोबांनी मला कॅरॅव्हॅनमधून कॉकलबिडीला सोडलं.

हँगर फ्रेमगणिक वेगळा असतो. मी पर्थमधल्या एका दुकानाला मॉडेल, साल आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवला. पर्थ तिथून अकराशे किलोमीटरहून लांब. शिवाय घड्याळ पाऊण तास पुढे: इथे नऊ वाजले की तिथे सव्वाआठ. हे ठाऊक नसल्याने पहिली सकाळ बंद दुकानाला फोन लावण्यातच गेली.

तिसऱ्या दिवशी ट्रकवाल्याने पाकीट हातात ठेवलं. उघडलं, फ्रेमला लावलं. एक भोक जुळलं, दुसरं तीन मिलिमीटर बाजूला! आजही आठवलं की डोकं तापतं. फोटोत मोजपट्टी स्पष्ट दिसत होती, कुणी पाहिलीच नव्हती. फोनवर 'सॉरी, लगेच पाठवतो' म्हणाले, पण तो शुक्रवार होता आणि पाकीट निघालं सोमवारी. तोवर रोज तंबूचं भाडं, रोज रोडहाऊसच्या दरातलं जेवण, आणि समोरून पूर्वेकडे निघालेल्या गाड्या बघत बसायचं. योग्य हँगर आल्यावर स्क्रू आवळायला आणि गिअर लावायला वीस मिनिटं लागली.

म्हणून दुकानातून पाकीट निघण्याआधी तो भाग तुमच्या फ्रेमच्या फोटोशेजारी ठेवून काढलेला फोटो मागवाच. थांबल्यावर सायकल डिरेलरची बाजू वर राहील अशी आडवी ठेवा.

पाण्याचं सांगायचं राहिलं. नॉर्समन ते बॅलाडोनिया १९० किलोमीटर, मध्ये एकही दुकान नाही. मी बारा लिटर घेतलं होतं, दहा संपलं. आणि ताजी फळं-भाज्या सेडुनाच्या आधी खाऊन टाका. पूर्वेकडे जाताना तपासणी तिथे होते, माझे दोन कांदे आणि एक सफरचंद तिथेच ठेवून घेतलं.