ठराव रद्द कोण करणार?

युनियनच्या कमिटी मेंबरांचे अभ्यासवर्ग घेणं हे माझं काम. ग्रॅच्युइटी, स्टँडिंग ऑर्डर, चौकशीत बचाव कसा मांडायचा, असले विषय. अधूनमधून इतिहासाचं एखादं सत्र असतं आणि ते हमखास जेवणानंतर ठेवतात, म्हणजे डुलक्यांची सोय. भोसरीच्या वर्गात मात्र वकीलसाहेब कोर्टात अडकले आणि इतिहास सकाळी आला. विषय होता 1917 सालच्या पेत्रोग्राडमधल्या (रशियाची तेव्हाची राजधानी, आजचं सेंट पीटर्सबर्ग) कारखाना समित्या, म्हणजे कामगारांनी आपापल्या कारखान्यात निवडलेल्या कमिट्या. (1928 च्या संपानंतर मुंबईत गिरणी कामगार युनियननेही गिरणीगणिक समित्या काढल्या होत्या, म्हणून तो अभ्यासक्रमात.)

सुरुवात पुतिलोव कारखान्यापासून केली. फेब्रुवारी क्रांतीत झार गेला, तशी कामगारांनी डोईजड झालेल्या वरिष्ठांना हातगाडीत घालून बाहेर काढलं. एकाच्या तर डोक्यावर शेंदूर ओतला. प्रेसशॉपचे एक काका म्हणाले, "आमच्याकडे असता तर नारळही फोडला असता." हशा पिकला.

पण हातगाडी ही चार दिवसांची गंमत. सरकारी तोफांच्या कारखान्यांत अधिकारी पळूनच गेले होते, तिथे काम चालू ठेवणं समित्यांच्या गळ्यात पडलं. भरती, शिस्त, गेटवरचा पहारा, कोळसा. पुढे मालक इंधन नसल्याचं सांगून टाळं लावायची भाषा करू लागले, तेव्हा समित्यांनी आपली माणसं थेट दोनबासच्या कोळसा खाणींकडे धाडली. हिशेबाच्या वह्या दाखवा, ही मागणी या असल्या अडचणींतून आली, पुस्तकांतून नव्हे. निदान माझं तरी असंच मत आहे.

ऑगस्टमध्ये, झारनंतर आलेल्या हंगामी सरकारचे कामगारमंत्री स्कोबेलेव यांनी परिपत्रकं काढली. नेमणूक आणि बडतर्फीचा अधिकार मालकाचा, कामाच्या वेळेत सभा बंद. मंत्री स्वतः समाजवादी, हे विशेष. मी वाचून दाखवलं तर मागून आवाज आला, "सर, हे आमच्या एचआरनं परवाच बोर्डावर लावलंय!"

मग ऑक्टोबर क्रांतीत सत्तेवर आलेल्या लेनिनच्या बोल्शेविक सरकारने 14 नोव्हेंबर 1917 ला (जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे) काढलेल्या हुकमाच्या झेरॉक्स वाटल्या. धंद्याची गुपितं रद्द, सगळ्या वह्या कामगारांपुढे ठेवायच्या, त्यांचा निर्णय मालकावर बंधनकारक. इथे टाळ्या पडाव्यात. पण ही मंडळी वेतनकरार वाचून तयार झालेली. पहिल्या पानावर कोणी भाळत नाही. टूलरूमच्या एक ताई पेन्सिल फिरवत फिरवत एका ओळीवर थांबल्या.

"सर, समितीचा निर्णय वरचं मंडळ रद्द करू शकतं म्हणे. त्या मंडळात कोण?"

मी सर्वोच्च मंडळाची यादी फळ्यावर लिहिली. सोव्हिएतांच्या (म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधी मंडळांच्या) मध्यवर्ती कार्यकारिणीचे 5, शेतकरी सोव्हिएतांचे 5, कामगार संघटनांच्या परिषदेचे 5, इंजिनियर-तंत्रज्ञांचे 5, कारखाना समित्यांचे 5. शिवाय सहकारी संस्थांचे, आणि देशपातळीवरच्या प्रत्येक कामगार संघटनेचे वेगळे.

"म्हणजे कारखाना चालवला ज्यांनी, ते पाचच."

"आणि खाली बघा ना," शेजारचा वेल्डर म्हणाला, "शिस्त आणि मालमत्ता यांसाठी समितीवाले सरकारला जबाबदार. निवडून दिलं खात्यानं, जाब द्यायचा सरकारला!"

पुढचं त्यांना जवळपास कळलंच होतं. डिसेंबरात उद्योगांचा कारभार बघायला सरकारची सर्वोच्च अर्थपरिषद आली. जानेवारी 1918 च्या कामगार संघटनांच्या काँग्रेसने समित्यांना संघटनांच्या तळाच्या शाखा करून टाकलं. मार्चमध्ये रेल्वेचा कारभार एकहाती अधिकाराखाली गेला. त्याच वसंतात पेत्रोग्राडच्या कामगारांनी सोव्हिएतांबाहेर स्वतःची प्रतिनिधी सभा उभारली. तिने 2 जुलैला दिलेली संपाची हाक फसली आणि सभाही मोडून काढण्यात आली.

प्रेसशॉपचे काका आता हसत नव्हते. "अहो, पण शहर उपाशी, जर्मन दारात. जो तो आपापला कोळसा आणणार, तर ज्याच्याकडे धाडायला माणसं नाहीत त्या कारखान्यानं काय करायचं?"

प्रश्न बिनतोड होता. ताळमेळ लागणारच होता. फक्त तो घालायला समित्यांनी जून 1917 मध्येच स्वतःची मध्यवर्ती परिषद निवडली होती, आणि नव्या राज्यकर्त्यांनी तिच्या हाती कारभार न देता तिला बाजूला सारलं. मी एवढंच म्हणालो. काकांचं समाधान झालं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

जेवणानंतर बोनसचा हिशेब शिकवायचा होता, तो राहिलाच. कोणीतरी स्वतःच्या युनियनची घटना काढली आणि ताईंनी ठराव लिहायला घेतला: खात्याचा प्रतिनिधी परत बोलवायचा हक्क फक्त खात्याला, कार्यकारिणीला नाही. शेवटच्या रांगेत बसलेले अध्यक्ष खाकरले. म्हणाले, "तांत्रिक बाब आहे. कार्यकारिणीत बघू."

"आमच्या खात्याचे किती आहेत कार्यकारिणीत?" ताईंनी विचारलं.

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. एक, सचिव म्हणाले, आणि ती जागा सध्या रिकामी आहे.