डेटलाइन : विलेमस्टाड

19 नोव्हेंबर 2025. रात्रपाळीला क्रीडा डेस्कवर मी आणि सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेला एक मुलगा, दोघंच. लोकांना वाटतं आम्ही मॅच बघत बसतो. प्रत्यक्षात पानावर आधी जाहिराती लागतात, उरलेल्या भोकांत आम्ही बातम्या बसवतो. त्या दिवशी शुभमन गिलची दुखरी मान चार कॉलम अडवून होती. फुटबॉलला उरला एक कॉलम आणि तळाशी एक चौकट.

आणि बातमी काय, तर हैती विश्वचषकाला पात्र! निकाराग्वाला 2-0 हरवून, 1974 नंतर पहिल्यांदाच. त्यातही सामना 18 नोव्हेंबरचा. 1803 मध्ये याच तारखेला व्हेर्तिएरच्या लढाईत हैतीच्या सैन्यानं फ्रेंचांना हरवलं होतं.

बातमी पोराकडे दिली आणि चौकट मी घेतली. गेली काही वर्षं या संघाचं वाचत आलोय. अशी संधी कोण सोडणार? 15 जून 1974, म्युनिक. इटलीच्या दिनो झॉफनं सप्टेंबर 1972 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यात एकही गोल खाल्ला नव्हता. उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच फिलिप व्होर्बनं मधून चेंडू काढून दिला, इमॅन्युएल सानों बचावपटूला मागे टाकत सुटला आणि झॉफला चकवून त्यानं जाळं गाठलं. पुढे इटली 3-1 जिंकली, ते सोडा. नावांवरच माझी वीस मिनिटं गेली. पोरानं ‘सॅनन’ केलं होतं. वाचकाला क्रितीच आठवणार. फ्रेंच नाव आहे बाबा, शेवटचा न नाकात जातो.

चौकट बारा ओळींनी लांबली. मग कात्री. पहिला गेला एर्न्स्ट जाँ-जोसेफ, हैतीचाच खेळाडू. त्याच सामन्यानंतर तो उत्तेजक चाचणीत दोषी ठरला, स्वतःच्याच संघाच्या अधिकाऱ्यांनी त्याला मारहाण केली आणि मायदेशी धाडलं. सानोंचा गोल ठेवला, मार खाणारा काढला. जागेचा प्रश्न होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

या नादात सिंगल कॉलमची बातमी मी नुसती वरवर पाहिली. ‘झाली’ म्हणालो आणि पान छपाईला सोडलं.

सकाळी अंक उघडला. मथळा : ‘निकाराग्वाला नमवून कुरासाव विश्वचषकात’.

पोराचं म्हणणं ऐकून घेतलं. डेटलाइन, म्हणजे बातमीच्या सुरुवातीला छापतात ते ठिकाण, होती विलेमस्टाड. ही कुरासाव या कॅरिबियन बेटाची राजधानी. कुरासाव पात्र ठरल्याची बातमीही त्याच दिवशी सगळीकडे होती. यजमान संघ तोच असणार, हैतीचं नाव वृत्तसंस्थेच्या एजन्सी कॉपीत चुकून आलं असणार, असं समजून त्यानं कॉपी ‘दुरुस्त’ केली. खरं तर त्या रात्री कुरासावचा संघ किंग्स्टनला जमैकाशी 0-0 खेळत होता आणि त्यांच्या घरी हैती आपला ‘घरचा’ सामना खेळत होती. सशस्त्र टोळ्यांमुळे हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या सिल्व्हियो कातोर मैदानावर खेळणंच शक्य नव्हतं. प्रशिक्षक सेबास्तियाँ मिन्ये यांनी तर संघ पात्र ठरेपर्यंत हैतीत पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

आता यात पोराला काय बोलायचं? विचारायला हवं होतं, हे खरं. पण घरचा सामना परक्याच्या गावात होतो हे त्यानं कुठून ओळखावं? एजन्सीच्या कॉपीत ते एका ओळीत होतं, आठव्या परिच्छेदात. आठवा परिच्छेद आमच्याकडे कुणी वाचत नाही. मला ते ठाऊक होतं, आणि मी खाली बसून अनुनासिकं लावत होतो.

दुरुस्ती छापू या म्हटलं. वरिष्ठ म्हणाले, ‘‘अहो, कुणाचा फोन आलाय का?’’

नव्हता आला. वर ‘कुरासाव विश्वचषकात’ आणि खाली माझी चौकट, ‘हैतीचा सानों’. दोन्हींचा संबंध काय, असंही कुणी विचारलं नाही.