सोमवारी नागासाकी

नागासाकी म्हटलं की आपल्याला एकच तारीख आठवते, 9 ऑगस्ट 1945. शाळेच्या पुस्तकात हिरोशिमाच्या मागून अर्ध्या ओळीत येणारं गाव. माझा भाऊ फुकुओकाला नोकरीला आहे, त्याच्याकडे आम्ही सगळे गेलो होतो, तर तो म्हणाला एका दिवसात जाऊन येण्यासारखी दोन ठिकाणं आहेत, बेप्पूची गरम पाण्याची कुंडं नाहीतर नागासाकी. बाबा लगेच, नागासाकी! पोर्तुगीज काळ हा बाबांचा विषय, गोव्यात आमच्या फोंड्याच्या मार्केटात कुणी सापडला तरी तासभर सोडत नाहीत, त्यामुळे बेप्पू तिथेच कटाप. आईला बेप्पूच हवं होतं, गुडघ्यांसाठी, आणि हे तिने दिवसभर ऐकवलं.

फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून साधारण दीड तास. आधी साधी एक्सप्रेस, मग ताकेओ-ओन्सेनला उतरून समोरच्याच प्लॅटफॉर्मवर उभी असलेली शिंकान्सेन, 2022 मधे सुरू झालेली, जेमतेम 66 किलोमीटरची. लेकीला बुलेट ट्रेनची एवढी हौस, आणि खिडकीतून दिसले काय तर बोगदे.

स्टेशनच्या बाहेर पडून पाच मिनिटं चढ चढलं की निशिझाका टेकडी. तिथे एका लांब दगडी भिंतीत 26 जण ओळीने उभे आहेत, ब्राँझचे, बहुतेकांचे हात जोडलेले, पावलं खाली लोंबणारी, म्हणजे जमिनीवर टेकलेलं कुणीच नाही. 5 फेब्रुवारी 1597 ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी, त्याच्या हुकमाने यांना ख्रिस्ती म्हणून इथे क्रुसावर चढवलं. क्योतोपासून ऐन थंडीत चालवत आणलं होतं. त्यात पोरंपण आहेत, सगळ्यात धाकटा बारा वर्षांचा, आणि ते कळल्यावर माझी लेक, जी अकराची आहे, त्याच्यासमोरून हलेचना. या 26 मधला एक गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईत जन्मलेला! फ्रान्सिस्कन ब्रदर होता, जपानी चांगलं यायचं म्हणून दुभाष्याचं काम करायचा. 1862 मधे संत झाला. वसईचा माणूस इथे, घरापासून एवढ्या लांब, मला तर हे माहीतच नव्हतं. बाबांना अर्थातच माहीत होतं.

बाबांनी आणखी एक सांगितलं ते मला जास्त लागलं. 1582 मधे नागासाकीहून चार जपानी मुलगे युरोपला निघाले, तेरा-चौदा वर्षांचे, पोपला भेटायला. जाताना आणि येताना ते गोव्यात थांबले होते, आणि परतताना 1587 ला त्यातल्या एकाने, हारा मार्तिन्योने, गोव्यात चक्क लॅटिनमधे भाषण ठोकलं. त्यातलाच दुसरा, नाकाउरा जुलियन, पुढे पाद्री झाला आणि 1633 ला याच निशिझाका टेकडीवर त्याला हाल करून मारलं. म्हणजे आपली मांडवी बघितलेला मुलगा इथे मेला. नवरा म्हणाला आता चला, ऊन लागतंय.

मग ट्राम. नागासाकीची ट्राम मला फार आवडली, मागून चढायचं, उतरताना ड्रायव्हरच्या बाजूच्या डब्यात नाणी टाकायची, कुठूनही कुठेही तेच भाडं. आपल्याकडे कंडक्टर सुट्टे नाहीत म्हणून जे ऐकवतो ते सगळं इथे एक मशीन मुकाट्याने करतं. देजिमा बघितलं, ते पंख्याच्या आकाराचं बेट, 1636 मधे खास पोर्तुगीजांना कोंडून ठेवायला बांधलेलं, म्हणजे व्यापार करा पण धर्म पसरवू नका. तीन वर्षांनी त्यांनाही हाकललं आणि मग 1641 पासून तिथे डच. आता आजूबाजूला भराव टाकून शहर वाढलंय त्यामुळे बेट आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. घरं छान उभी केलीयत पण मला थोडं सिनेमाच्या सेटसारखं वाटलं.

जेवायला चायनाटाऊनला. इथला चाम्पोन प्रसिद्ध, जाड नूडल्स, कोबी, कोळंबी, पण रस्सा डुकराच्या हाडांचा, तर बाबांनी तळलेल्या माशाचं ताट मागवलं आणि आम्ही बाकीच्यांनी चाम्पोन हाणला. आईचा सोमवार, शिवराक, म्हणजे मासे-मांस-अंडं काही नाही. तिच्यासाठी सुपरमार्केटातून आंबट प्लम भरलेले भाताचे गोळे घेतले होते आणि केळी, ते तिने बाहेर बाकावर बसून खाल्लं आणि बेप्पूला असते तर काय खाल्लं असतं तेपण सांगितलं.

ओउरा चर्च मात्र नीट बघा. चढाची गल्ली, दोन्हीकडे दुकानं, वर पांढरं चर्च, 1864 चं, त्याच 26 जणांच्या नावाने बांधलेलं. आत फोटो काढू देत नाहीत. जपानमधे 1614 ला ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पाद्री मारले नाहीतर पळवून लावले, लोकांना येशू-मेरीच्या चित्रावर पाय द्यायला लावून पारखायचे. त्यानंतर अडीचशे वर्षं नागासाकीजवळच्या उराकामीच्या खेड्यांतली माणसं लपून प्रार्थना करत राहिली, बौद्धांच्या कान्नोन देवीची मूर्ती समोर ठेवून मनात मेरी. हे चर्च झाल्यावर 17 मार्च 1865 ला त्यातले काहीजण आले आणि फ्रेंच पाद्री पेतिजाँला हळूच म्हणाले, आमचं मन तुमच्यासारखंच आहे, मेरीची मूर्ती कुठेय? ती मूर्ती अजून तिथेच आहे.

मी मंगेशीच्या कुळावीतली. आमचा देव मूळ कुशस्थळीचा, म्हणजे आताचं कुठ्ठाळी, 1560 च्या सुमाराला पोर्तुगीजांच्या भीतीने झुआरी ओलांडून प्रियोळला आणला, हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की आता कानावर पडलं तरी काही होत नाही. पण ओउराला उभी असताना पहिल्यांदा डोक्यात आलं की ज्या लोकांमुळे आम्ही देव घेऊन पळालो त्यांनीच इथे आणून दिलेला देव इथली गरीब शेतकरी माणसं पुढे पिढ्यान् पिढ्या लपवून जपत होती. तेच शतक, तीच जहाजं, गोवा-मकाव-नागासाकी. मग राग नेमका कुणाचा करायचा? बाबांकडे याचं तयार उत्तर नाही. ते 3 डिसेंबरला गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्तालापण जातात आणि गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, पाठवा असं सायबाने 1546 ला राजाला लिहिलं होतं हेपण सांगतात, दोन्ही एकाच दमात.

आईने मेरीला हात जोडले, ती जुन्या गोव्यातपण जोडते. मग विचारलं, भट नाही, पाद्री नाही, पुस्तक नाही, मग मुलांचं बारसं कसं करत असतील? भाऊ म्हणाला गावातलाच एकजण बाप्तिस्मा द्यायचा, प्रार्थना पाठ. आईला लगेच पटलं. आमच्या आरत्यापण कुठे कुणी पुस्तकात बघून म्हणतं, म्हणाली.

ही उराकामीचीच माणसं 1873 नंतर उघडपणे राहायला लागली आणि त्यांनी मोठं कॅथेड्रल बांधलं. अणुबॉम्ब फुटला तो तिथून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. सकाळी 11 वाजून 2 मिनिटं. आत कन्फेशनला आलेले लोक होते, कुणी वाचलं नाही. आताचं चर्च 1959 चं, पण जुन्या मनोऱ्याचा घुमट स्फोटाने उडून ओहोळाच्या काठाला पडला तो तसाच ठेवलाय, तिरका, गवतात. समोर संतांचे दगडी पुतळे, एका बाजूने काळे पडलेले. पीस पार्कमधला निळसर मोठा पुतळापण बघितला, सगळे तिथेच फोटो काढतात, मला तो घुमट जास्त पटला.

स्टेशनवर कास्तेला घेतला, पोर्तुगीजांनी शिकवलेला केक. बटर नाही, मुख्य म्हणजे अंडी, साखर, मैदा. खालचा कागद सावकाश सोलायचा, घाईत ओढला तर तळाची जाड दाणेदार साखर कागदालाच राहते आणि खरी मजा त्यातच आहे. अंडं आहे म्हणून आईने आपला तुकडा मंगळवारसाठी बांधून घेतला.

गाडीत बाबांनी हळूच विषय काढला की सायब 1549 ला जपानात पहिल्यांदा उतरला तो कागोशिमाला, फुकुओकाहून किती लांब रे? भाऊ म्हणाला, शिंकान्सेनने दीडेक तास. आई खिडकीकडे बघतच म्हणाली, पुरो आता, उद्या बेप्पू.