निळा पिक्सेल कशाने विझला?

पावसाळ्यात ओएलईडीचा, म्हणजे सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरांतून उजेड देणाऱ्या दिव्याचा, नमुना लवकर विझला की आमच्या प्रयोगशाळेत पहिला संशय पाण्यावर जातो, आणि बहुतेक वेळा तो खरा निघतो. ॲल्युमिनियमच्या कॅथोडला (वरच्या ऋण टोकाला) बारीक छिद्र राहिलं तरी तिथून बाष्प शिरतं आणि त्याभोवती काळा ठिपका पसरत जातो. म्हणून तर आम्ही ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे जडवलेल्या बंद पेटीत, कोरड्या नायट्रोजनमध्ये काम करतो.

त्या जुलैत निळ्या नमुन्यांची एक बॅच काही तासांतच निम्म्या उजेडावर आली. करंट स्थिर, व्होल्टेज चढत चाललेलं. "आधी सील बघा," सर म्हणाले. सील उघडण्यापूर्वी मी एक पिक्सेल पेटता ठेवून मायक्रोस्कोपखाली धरला. ठिपका कुठेच नव्हता, कडाही शाबूत होत्या. अख्खा चौकोन सारखाच मंदावला होता. बाष्प कडेने नाहीतर छिद्रातून येतं. ते असं सगळीकडे सारखं पसरत नाही.

मग झाकणं काढली, कॅथोड चिकटपट्टीने अलगद उचलला आणि खालचे थर टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकाच्या थेंबांत उतरवले. उजेड देणारा थर अवघा ३० नॅनोमीटरचा, त्यामुळे बरेच पिक्सेल एकत्र करावे लागले. तुलनेसाठी त्याच बॅचचे कधीच न पेटवलेले पिक्सेलही घेतले. ही तुलना नसती तर पुढच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवला नसता.

मग रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये दोन्ही तपासले. न पेटवलेल्यांत आमच्या यजमान पदार्थाचं (ज्यात उजेड देणारे रेणू मिसळलेले असतात), एमसीपीचं, ४०८ वस्तुमान दिसलं. पेटवलेल्यांत त्याच्या जोडीला दोन नवी शिखरं होती: २४३ आणि १६७. १६७ म्हणजे कार्बाझोल, एमसीपीच्याच रेणूचा एक भाग! तुटताना दोन्ही तुकड्यांनी एकेक हायड्रोजन उचलला होता. ते दोन्ही वजा केले की बेरीज बरोबर ४०८. रेणू कार्बन-नायट्रोजन बंधापाशी तुटला होता.

निळ्या फोटॉनची ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते, लालची जेमतेम २. दोन उत्तेजित रेणू भिडले की दोघांची ऊर्जा एकाच जागी जमा होते, आणि निळ्याच्या बाबतीत ती असा बंध तोडायला सहज पुरते. मोडलेले तुकडे आतच राहून शेजाऱ्यांची ऊर्जा गिळतात, म्हणून थोडेच रेणू मोडले तरी उजेड बराच उतरतो.

सरांनी आलेख दोनदा पाहिला आणि सीलचं काम थांबवलं. पुढच्या बॅचला उत्तेजित रेणूंची दाटी कमी व्हावी म्हणून थरातल्या ज्या पट्ट्यात उजेड तयार होतो तो रुंद करायचं ठरलं.