दोन पाठांमधले आयुष्य

आज बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या सरांकडे गेलो होतो. रोमँटिक कवितेच्या अध्यापनातून ते केव्हाच निवृत्त झाले आहेत, तरी इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थच्या ‘प्रील्यूड’ या आत्मचरित्रात्मक दीर्घकाव्याचे १८०५ आणि १८५० चे पाठ, म्हणजे एकाच काव्याची दोन रूपे, त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडे होते आणि समासांत पेन्सिलीने, बारीक मराठी अक्षरांत नोंदी केलेल्या होत्या. हे काव्य कवीच्या निधनानंतर १८५० मध्ये प्रसिद्ध झाले, तर १८०५ चा पाठ वाचकांच्या हाती पडायला १९२६ साल उजाडले. फ्रेंच राज्यक्रांतीने भारावलेला हा तरुण कवी उतारवयात कुठे कुठे सावध झाला, हे ओळीओळीने दाखवण्यात सरांची उमेदीची वर्षे गेली. सातव्या सर्गातील, त्या क्रांतीचा कडवा टीकाकार असलेल्या एडमंड बर्कची स्तुती १८०५ च्या पाठात नाही, ती नंतर घातलेली आहे, हे त्यांनी दोन्ही पानांवर बोट ठेवून मला दाखवले. अशा संथ, चिकाटीच्या कामाला बढतीच्या हिशेबात फारसा भाव मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. केशवसुत शिकवतानाही सर इंग्रजी रोमँटिक कवितेचा धागा उलगडून दाखवत, आणि माधव जूलियन यांचा जन्म बडोद्याचा, हे अभिमानाने सांगत. पुढच्या भेटीत फ्रान्सवरचा नववा सर्ग दोन्ही पाठांतून वाचायचे ठरले आहे.