पेट्रोल-सीएनजी पिकअपमध्ये आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह कुठे शोधावा

साताऱ्याकडे पिकअप म्हटले की डिझेलची गाडी डोळ्यांसमोर येते. त्यामुळे आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला नुसते ‘आयएसी’ म्हणतात तो भाग शोधायला घेण्याआधी तो आपल्या गाडीला आहे की नाही, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. डिझेल इंजिनाला हा व्हॉल्व्ह नसतो. तिथे आयडलिंग, म्हणजे अॅक्सिलेटर न दाबता इंजिनाचे नुसते चालू राहणे, हवेवर नव्हे, तर डिझेलच्या मात्रेवर ठरते. जुन्या गाड्यांत ती मात्रा पंपातला गव्हर्नर सांभाळतो आणि नव्या कॉमन रेल गाड्यांत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक. डिझेल पिकअपच्या मेनिफोल्डजवळ (इंजिनात हवा वाटून नेणाऱ्या नळ्यांजवळ) कपलर, म्हणजे तारांचा प्लग, लावलेला जो जाडजूड भाग दिसतो, तो बहुधा धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह असतो. त्यालाच आयएसी समजून साफ केल्याने इतर फायदा झाला तरी आयएसीचा प्रश्न तिथे मुळातच नसतो.

माझी गाडी पेट्रोल-सीएनजीवर चालणारी, सीटखाली इंजिन असलेली लहान पिकअप आहे. कोरेगावहून आल्याची पोती भरून साताऱ्याला येताना मोकळ्या रस्त्यावर ती उत्तम चालत असे, मात्र पोवई नाक्याच्या गर्दीत क्लच दाबून थांबले की इंजिनाचा आवाज चढत-उतरत राही आणि कधीकधी गाडी बंदच पडे. हे लक्षण दोन्ही इंधनांवर सारखेच दिसत होते आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत उपयोगाची खूण होती. त्रास फक्त सीएनजीवर होत असेल, तर गॅसचा दाब कमी करणारा रिड्युसर, गॅसचा फिल्टर आणि गॅसचे इंजेक्टर आधी पाहावेत. पेट्रोल आणि गॅस या दोहोंवर होत असेल, तर दोघांना सामाईक असलेल्या गोष्टींकडे वळावे, आणि हवा ही त्यांतली पहिली.

आपण अॅक्सिलेटरवरून पाय काढतो तेव्हा थ्रॉटलची पाकळी जवळजवळ पूर्ण मिटते. तरीही इंजिन चालू राहायचे, तर थोडी हवा आत जावीच लागते. वाड्याचा मोठा दरवाजा बंद असताना माणसांची ये-जा दिंडी दरवाजातून चालावी, तशी ही हवा पाकळीला वळसा घालणाऱ्या एका लहान वाटेने जाते आणि त्या वाटेवर आयएसी बसवलेला असतो. इंजिन थंड असताना ईसीएम तो जास्त उघडतो, गरम झाल्यावर मिटत आणतो, आणि एसी किंवा हेडलाईटचा भार पडला की पुन्हा थोडा उघडतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असल्याने तेवढ्याच कामासाठी व्हॉल्व्हला अधिक उघडावे लागते, म्हणून कार्बनने अर्धवट तुंबलेली वाट साताऱ्यात निभावून नेली तरी वर गेल्यावर त्रास देऊ शकते.

हा दोष अंगावर काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पसरणी घाट उतरताना गिअर काढून वेग कमी करण्याच्या क्षणी इंजिन बंद पडले, तर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला इंजिनाकडून मिळणारा व्हॅक्यूम थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो आणि त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. भरलेल्या गाडीत ही जोखीम फार मोठी आहे.

प्रत्यक्ष शोधताना हवेच्या वाटेने जावे. गाडी थंड होऊ द्यावी, सीटची कडी सोडून सीट मागे घ्यावी आणि एअर फिल्टरच्या डब्यातून निघणारा जाड रबरी पाईप हाताने चाचपत पुढे जावे. तो ज्या अॅल्युमिनियमच्या भागाला क्लिपने आवळलेला असतो, ती थ्रॉटल बॉडी. तिथे अॅक्सिलेटरची केबल येऊन एका अर्धगोल चकतीला अडकलेली दिसली, तर आयएसी जवळपास असण्याची शक्यता मोठी आहे. केबलच नसेल आणि थ्रॉटल मोटरने उघडत असेल, तर शोध तिथेच थांबवावा. अशा गाड्यांत मोटरच पाकळी हवी तेवढी उघडी ठेवते आणि वेगळा आयएसी सहसा नसतो.

केबल असलेल्या थ्रॉटल बॉडीवर दोन कपलर दिसले की गोंधळ होतो. पाकळीच्या दांड्याच्या टोकाला, केबलच्या समोरच्या बाजूस, बसलेला चपटा काळा भाग म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि त्याला बहुधा तीन तारा असतात. आयएसी हा दांड्याशी जोडलेला नसतो. तो थ्रॉटल बॉडीच्या कुशीत किंवा खालच्या अंगाला, बहुधा दोन स्क्रूंनी बसवलेला, लहान मोटरसारखा जाड आणि गोलसर भाग असतो. स्टेपर मोटरच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटरच्या, प्रकारात त्याला बहुधा चार तारा असतात, तर इतर प्रकारांत दोन, तीन किंवा सहाही आढळतात. काही इंजिनांत तो मेनिफोल्डवर असतो आणि फिल्टरच्या पाईपातून निघालेली बारीक नळी त्याच्यापर्यंत येते. व्हिडिओंमध्ये बहुतेकदा अमेरिकन पिकअप दिसतात: फोर्डच्या जुन्या एफ-१५० मध्ये हा व्हॉल्व्ह थ्रॉटल बॉडीवर आडव्या नळकांड्यासारखा बसतो, तर शेवरोलेच्या जुन्या टीबीआय (थ्रॉटल बॉडीतच इंधन फवारणाऱ्या) इंजिनांत तो आटे देऊन घट्ट केलेला असतो. ती चित्रे डोळ्यांसमोर ठेवून आपल्या गाडीत शोधू नये.

इंजिन चालू असताना आयएसीचा कपलर काढून पाहण्याची पद्धत प्रचलित आहे, मात्र तिचा अर्थ नीट लावायला हवा. सोलेनॉइडच्या, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या, प्रकारात कपलर काढताच आयडलिंग बदलते. स्टेपर मोटर मात्र वीज तुटल्यावर होती तिथेच थांबते, त्यामुळे फरक पडला नाही म्हणून व्हॉल्व्ह खराब ठरत नाही.

चावी बंद करून आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून मी व्हॉल्व्ह बाहेर काढला, तेव्हा शंकूच्या आकाराच्या टोकावर आणि मागच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत तेलकट काजळीचा थर बसलेला होता. टोक खाली धरून थ्रॉटल क्लीनरचा फवारा मारावा, म्हणजे द्रव मोटरमध्ये उतरत नाही. स्टेपरचे टोक बोटाने जोर लावून आत ढकलू नये, कारण आतले आटे त्याने खराब होतात. थ्रॉटल बॉडीतील वाटही तितक्याच काळजीने पुसावी. व्हॉल्व्हची ओ-रिंग (गोल रबरी कडे) कडक झाली असेल तर नवी घालावी आणि स्क्रू बेताने आवळावेत. अॅल्युमिनियमचे आटे लवकर जातात.

जोडणी झाल्यावर रेस न देता, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. इतके करूनही आयडलिंग चढेच राहिले, तर नवा व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी थ्रॉटल बॉडीखालचे गॅस्केट, मेनिफोल्डच्या बारीक नळ्या आणि ब्रेक बूस्टरचा पाईप तपासावा. तिथल्या एखाद्या चिरेतून हवा आत शिरत असेल, तर आयएसी पूर्ण मिटला तरी रेस खाली येत नाही.