शिसं, दोरी आणि जुआंव दे कास्त्रो

जुआंव दे कास्त्रोचं नाव काढलं की गोव्यात दाढीचीच गोष्ट निघते. 1546 मध्ये दीवचा किल्ला पुन्हा बांधायला पैसे हवे होते, तेव्हा या पोर्तुगीज गव्हर्नरने तारण म्हणून आपल्या दाढीचे केस गोव्याच्या नगरसभेकडे पाठवले. गोष्ट खरीच आहे. पण मला हा माणूस आवडतो तो गव्हर्नर होण्याआधीचा, 1538 सालचा.

मी मांडवीच्या मुखाशी सर्व्हे लाँचवर काम केलंय. आग्वादजवळची वाळू पावसाळ्यात अशी सरकते की गेल्या वर्षीच्या खोलीवर यंदा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून तर खनिजाच्या बार्जी पावसात कुंभारजुवे कालव्याने झुआरीत जायच्या. आमच्या इको साउंडरच्या, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर आकडा आपोआप उमटतो. कास्त्रोच्या काळी दोरीला शिसं बांधून सोडायचे आणि किती वाव (पसरलेल्या दोन हातांएवढं माप) पाणी ते मोजायचे. शिशाच्या बुडाला चरबी फासलेली असे; तिला वाळू चिकटून आली की चिखल, यावरून तळ कळायचा.

कास्त्रो 1538 साली लिस्बनहून गोव्याला आला आणि लगेच आरमाराबरोबर दीवला निघाला. वाटेतल्या कोकणातल्या खाड्या आणि बंदरं त्याने लिहून काढली, दाभोळ-चौलसारख्यांची चित्रंही करून घेतली. घारापुरीला गेला तर लेण्यांचीही मापं घेतली!

त्याची खरी कमाल होकायंत्राची. सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, हे तो गणिती पेद्रू नुनिशच्या उपकरणावर सूर्याची सावली पाहून वारंवार मोजत राहिला. या ढळण्यावरून रेखांश काढता येतो अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. त्याची मापं तसं सांगेनात, आणि त्याने मापांवर विश्वास ठेवला. तोफ जवळ असली की सुई बिघडते, वसईजवळच्या खडकांवरही ती भलतीकडे वळते, हेही त्याने टिपलं.

नंतर गव्हर्नर म्हणून आदिलशाहीशी लढताना त्याच्या आरमाराने दाभोळ जाळलं. ज्या बंदराचं चित्र त्याच्याच वहीत होतं, तेच. हे मला फार सलतं आणि त्याच्याविषयी बोलताना मी ते वगळत नाही.

6 जून 1548 रोजी तो गोव्यातच वारला. गोवा ते दीव प्रवासाची त्याची वही कोकणातल्या लोकांनी मराठीतून वाचावी असं मला मनापासून वाटतं. त्या खाड्यांत रोज होडी घालणाऱ्यांनी ती तपासावी. कुठे वाळू भरली, कुठला खडक अजून तिथेच आहे, ते सांगावं.